तपकिरी साका

"उघडू नकोस," मी म्हणाले. "दार उघडलंस की आतलं तापमान चढतं."

"नुसतं बघतो."

"कालही नुसतंच बघितलंस. बाटल्यांना काही तोंड फुटणार नाही."

निवृत्तीनं इन्क्युबेटरच्या मुठीवरचा हात काढला, पण तिथून हलला नाही. फ्रिजसारख्या त्या पांढऱ्या कपाटासमोर तो असा उभा होता, की आत पाण्याच्या बाटल्या नसून घरचं कुणी आजारी माणूस ठेवलंय. दाढी वाढलेली, शर्ट दोन दिवस तोच. मेसमध्ये तो जेवायला येत नाही हे मला त्याच्या मित्रांनी सांगितलं होतं.

"आणखी किती?" त्यानं विचारलं.

"उद्या सकाळी पाच दिवस होतात. तुला माहीत आहे."

"माहीत आहे गं. विचारलं नुसतं."

आम्ही पर्यावरण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्या काळात ही शाखा सांगितली की लोक "म्हणजे झाडं लावायची का?" असं विचारायचे. माझी सांगलीची आत्या तर सगळ्यांना सांगायची, की आमची शैलजा गटाराचं शिकते. ती फारशी चुकत नव्हती. वर्गातली निम्मी मुलं सिव्हिलला नंबर लागला नाही म्हणून आलेली, उरलेली माझ्यासारखी, कुठलं तरी इंजिनिअरिंग हवं म्हणून. मनापासून ही शाखा निवडून आलेला आमच्यात एकच होता, निवृत्ती हराळे. मी हर्डीकर, हर्डीकरच्या आधी हराळे, म्हणून हजेरीत आमचे नंबर लागून आणि प्रयोगशाळेत आमची जोडी.

त्याचे वडील, तातोबा, कासारखडीच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. ओढ्याकाठी गावची विहीर, विहिरीतनं पाणी टाकीत चढायचं आणि टाकीची चावी तातोबांच्या हातात. त्या वर्षी ओढ्याला साखर कारखान्याच्या मळीचं काळं पाणी आलं. गाव म्हणालं, दर सालचंच आहे, चार दिवसांत वाहून जाईल. तातोबांना मात्र ते पटेना. त्यांनी चावी बंद केली आणि भर चावडीवर सांगून टाकलं, "माजा पोरगा पाण्याचीच इंजिनेरी शिकतोय. त्यो सांगंल तवा चावी फिरंल."

मग विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून, ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी ते पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. आम्ही स्टँडवर जाऊन कॅन उतरवून घेतला. पाणी दिसायला अगदी नितळ होतं. निवृत्तीनं ते उन्हात धरून बघितलं आणि हसला. तो हसलेला मला त्यानंतर एकदाच दिसला.

मळीचं पाणी म्हणजे कुजणारी घाण आणि कुजणारी घाण मोजायची आमची एक ठरलेली चाचणी होती. पाणी बाटलीत हवाबंद कोंडायचं. त्यात जिवाणू असतात. घाण असली की ते ती खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. पाच दिवसांनी बाटली उघडून उरलेला प्राणवायू मोजायचा. विहिरीच्या पाण्यात जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून दुधाला विरजण लावावं तसे सांडपाण्याचे थोडे थेंब प्रत्येक बाटलीत घालायचे. त्याला आम्ही विरजणच म्हणायचो. काही बाटल्यांत जवळजवळ सगळं विहिरीचं पाणी, काहींत निम्मं, काहींत चमचाभर आणि एका बाटलीत स्वच्छ पाण्यात नुसतं विरजण, पडताळ्यासाठी. आज मी याच कामावर पगार घेते आणि अजूनही या चाचणीला पाच दिवसच लागतात. जिवाणूंना घाई करता येत नाही.

पण कासारखडीत पाच दिवस थांबायची कुणाची तयारी नव्हती. गावात फोन एकच, शिवलिंग वाण्याच्या दुकानात. निवृत्ती रोज कॉलेजच्या गेटाबाहेरच्या बूथवरून फोन लावायचा आणि रोज त्याचा चेहरा आणखी उतरायचा. बायका मैलभर लांबच्या मळ्यातून पाणी आणत होत्या. सरपंचांनी तातोबांना कामावरून काढायची भाषा केली होती. कुणीतरी त्यांच्या दारात फुटकी घागर आणून आपटली होती. आदल्या दिवशी तर माणसं अंगावर धावून गेली.

"आबा म्हणतात, चार दिवस कळ काढली, आणखी एक काढतो," निवृत्ती मला म्हणाला. "ते काढतील. गाव काढेल का?"

मला त्याला धीर द्यायचा होता. मी म्हटलं, "जेवून घे." तो नाही गेला.

सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच तो दारात बसलेला होता. कुरणे सरांचं लेक्चर सुरू होतं, ते आम्ही दोघांनी सरळ बुडवलं. बाटल्या बाहेर काढल्या. आता प्रत्येक बाटलीत दोन औषधं घालून ती उलटीपालटी करायची. प्राणवायू उरला असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. जितका प्राणवायू जास्त तितका साका गडद. सगळा संपला असेल तर साका पांढराफटक. पांढरं म्हणजे घाण आणि तपकिरी म्हणजे चांगलं.

निवृत्तीनं औषधं माझ्याकडे सरकवली आणि ती मीच घातली. पहिली बाटली विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. मी ती उलटीपालटी करून टेबलावर ठेवली. आतले ढग हळूहळू खाली बसू लागले.

तपकिरी. गडद, चॉकलेटसारखा तपकिरी.

"दुसरी," तो म्हणाला.

दुसरीही तशीच. प्राणवायू पहिल्या दिवशी होता तेवढाच, कणभरही कमी झालेला नाही. निवृत्ती मटकन स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"घाण नाहीच, शैलजा. मळीचा अंशसुद्धा नाही!"

"थांब, अजून बाटल्या राहिल्यात."

"आता आणि काय राहिलंय? सगळ्यात जास्त पाणी हिच्यात होतं. हिच्यात काही नाही, तर चमचाभर पाण्यात काय निघणार?"

"तरी सगळ्या होऊ देत ना. सरांना दाखवू."

"तिथं माझ्या बापाच्या अंगावर माणसं धावून जातायत," तो ओरडला, "आणि तुला बाटल्यांचं पडलंय!"

तो बूथकडे पळत गेला. मी खिडकीतून बघितलं, गेटाबाहेर रिक्षा आडवी आली तरी तो थांबला नाही.

मी उरलेल्या बाटल्या घेतल्या. निम्म्या पाण्याच्या बाटलीचा साका जरा फिका वाटला. चमचाभर पाण्याची बाटली आणखी फिकी. नुसत्या विरजणाची बाटली सगळ्यात फिकी. मी चक्रावले. उलटंच व्हायला हवं होतं. विहिरीचं पाणी जास्त तिथे प्राणवायू तसाच पडून आणि कमी तिथे तो खाल्लेला! औषध घालताना आपणच घोटाळा केला, असं मला वाटलं. कुरणे सर लेक्चर संपवून केबिनमध्ये डबा उघडून बसले होते. मी त्यांना हात धुवायलासुद्धा वेळ दिला नाही.

सरांनी बाटल्या ओळीनं लावल्या आणि उजेडाकडे धरून एकेक बघितली. ते रागावतील म्हणून मी तयारच होते. ते रागावले नाहीत.

"नुसतं विरजण आहे तिथे जिवाणूंनी प्राणवायू वापरला," ते म्हणाले. "बरोबर?"

"हो सर."

"आणि विहिरीच्या पाण्यात नाही वापरला. का?"

"खायला काही नव्हतं म्हणून?"

"विरजणाबरोबर थोडं खाणं आलेलंच होतं की. ते इथे खाल्लं. तिथे तेवढंही खाल्लं नाही." त्यांनी पहिली बाटली माझ्यासमोर ठेवली. "समोर ताट असून कोण जेवत नाही, हर्डीकर?"

मी बाटलीतल्या तपकिरी थराकडे बघितलं.

"मेलेलं," मी म्हणाले.

"या पाण्यात मळी आहे की नाही, ते यावरून कळतच नाही. दुसरं काहीतरी आहे आणि त्यानं जिवाणू मारलेत. हराळे कुठे आहे?"

हराळे दारातच उभा होता. हातात कागदात बांधलेली गरम भजी, घामानं निथळलेला. चेहरा फुललेला.

"आबा फोनवर रडले, सर," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा."

सरांनी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मग एकदम पोचलं. भजी टेबलावर तशीच टाकून तो उठला. मी त्याच्या मागे धावले.

बूथवर फोन लागला. वाण्याचा आवाज इतका मोठा होता, की शेजारी उभी राहून मलाही ऐकू येत होता.

"अरं, समदं गाव टाकीवर हाय! हलगी लावलीया! तुज्या आबानं पयला तांब्या आपुन प्याला, समद्यांदेखत. अजून कुणी मागंपुढं बघाय लागलं, की त्येच्याम्होरं आणि एक पितोय. म्हन्तोय, माज्या पोराचं पानी हाय!"

"काका, पाणी पिऊ नका म्हणून सांगा! आबांना बोलवा! पाण्यात विष आहे!"

मग वाणी म्हणाला, "घटकंमागं तर म्हनलास चांगलं हाय. गावाची थट्टा लावलीस व्हय रं?"

फोन बंद झाला. निवृत्तीनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली. वाणीही बहुतेक घागर घेऊन टाकीवर गेला होता. बूथवाला म्हणाला, "भाऊ, मागं लोक थांबलेत," आणि निवृत्तीनं त्याच्याकडे असं बघितलं, की तो मागे सरला.

"तुम्ही निघा," सर आमच्या मागोमाग आले होते. "मी तालुक्याच्या दवाखान्यात आणि पोलिसांना फोन लावतो. जा, उभे राहू नका."

एसटी नेमकी लगेच मिळाली, पण ती प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कुणी बोचकं चढवत होतं, कुणी म्हातारीला हात देत होतं. प्रत्येक थांब्याला निवृत्ती उठून उभा राहायचा आणि गाडी सुटली की बसायचा.

"एकच तांब्या प्यायले असतील," तो म्हणाला.

"हो."

"पाणी पातळ झालं असेल ना आता? पाच दिवसांत विहिरीला नवं पाझरलं असेल."

"असेल."

"शैलजा, खोटं बोलू नकोस."

त्यानं माझा हात धरला होता आणि तो इतका घट्ट, की बोटं दुखत होती. सोडवून घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

फाट्यावरून गावात आम्ही पळतच गेलो. टाकीखाली नळांवर झुंबड होती. घागरी, कळशा, बादल्या, पोरांची अंघोळसुद्धा तिथेच चाललेली. तातोबा टाकीच्या पायरीवर बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. किडकिडीत माणूस, डोक्याला टापर, गळ्यात कुणीतरी घातलेला झेंडूचा हार. चेहरा घामानं डबडबलेला आणि ओठांचा रंग चांगला नव्हता.

"आला बगा आमचा इंजिनेर!" ते म्हणाले आणि उठायला गेले, पण भिंतीला धरून परत बसले. "काय न्हाई. उनानं जरा डोस्कं जड झालंया."

"आबा, चावी बंद करा," निवृत्ती म्हणाला. मग नळाकडे वळून जिवाच्या आकांतानं ओरडला, "पाणी पिऊ नका! सांडा ते! माझी चूक झाली, पाणी चांगलं नाही!"

हलगी थांबली. सरपंच पुढे आले. जाडजूड, खादीतला माणूस. त्यांना राग येत होता, पण पोराच्या वयाकडे बघून ते दमानं घेत होते.

"सकाळी म्हनलास चांगलं. आता म्हनतोस वंगाळ. सांजला काय म्हनशील?"

"सरपंच, बाटल्यांमधले जिवाणू मेलेत..."

"किडं मेलं तर चांगलंच की रं!" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

"बरं, दाव की परत तपासून," सरपंच म्हणाले. "आत्ता, हितं, आमच्याम्होरं."

"त्याला पाच दिवस लागतात," निवृत्ती म्हणाला.

आता मात्र कुणी हसलं नाही. कडेवर पोर घेतलेली एक बाई पुढे आली. "पाच दिस! पाच दिस आमी उनातान्हात पाय तोडलं तुज्या बाटल्यांपायी. आनि पाच दिस लेकरांस्नी काय थुकी पाजू?" तिनं कळशी परत नळाखाली धरली. तिच्यामागून बाकीच्याही सरकल्या. निवृत्ती नळाच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिला. दोन गड्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. तो लहान पोरासारखा हातपाय झाडत होता. मी ओरडत होते, पण परगावच्या पोरीचं ऐकतं कोण?

"मासा आणा!" निवृत्ती ओरडला. "कुणाकडंतरी जिता मासा असंल की! पाण्यात सोडा! मासा जगला तर मला हितंच पुरा!"

बायजाक्का म्हणून एक म्हातारी होती. तिच्या दारातल्या जनावरांच्या हौदात हिवतापवाल्यांनी डास खायला गप्पी मासे सोडलेले होते. गेले पाच दिवस नळाचं पाणी बंद असल्यानं तो हौद जुन्या पाण्याचाच होता. सरपंच म्हणाले, "आना. ह्या पोराचं समाधान हुं दे." म्हातारी ओंजळभर मासे लोट्यातून घेऊन आली.

"दोन बादल्या भरा," मी म्हणाले. "एक नळाच्या पाण्याची, एक हौदाच्या. दोन्हींत सोडा. नाहीतर म्हणाल, मासेच आजारी होते."

बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या. म्हातारीनं निम्मे मासे हिच्यात, निम्मे तिच्यात सोडले. गाव भोवती दाटलं. नळाच्या बादलीतले मासेही आधी छान फिरत होते. गर्दीत कुणीतरी खाकरलं. सरपंचांनी माझ्याकडे बघितलं.

निवृत्ती बादलीपाशी उकिडवा बसला होता, नाक पाण्याला टेकेल इतका वाकून. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, तो वेळ मोजतोय. मी त्याच्या शेजारी बसले तेव्हा ऐकू आलं.

"जगा रं," तो म्हणत होता. "जगा. माझ्या बापासाठी जगा."

माझ्या डोक्यात तोवर नुसता गाव होता. लोक कसे थांबतील, घागरी कशा सांडतील. मी मनातल्या मनात त्या माशांना मरा म्हणत होते. निवृत्तीचं म्हणणं ऐकलं आणि मला मान वर करून तातोबांकडे बघवेना.

एक मासा वर आला आणि तोंड उघडझाप करू लागला. मग दुसरा वेड्यासारखा बादलीभर गरगरला, कुशीवर कलला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. मग एकामागून एक. हौदाच्या बादलीतले शांतपणे फिरतच होते.

कडेवर पोर घेतलेल्या त्या बाईनं कळशी उपडी केली. मग सगळ्यांनी केल्या. गल्लीतून पाण्याचे लोट वाहायला लागले. कुणी पोराच्या तोंडात बोटं घालून ओकारी काढत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. ज्यांनी घोट-दोन घोट घेतले होते त्यांना दोन दिवस त्रास झाला आणि ते उठले. पुढे तपासात निघालं, की ओढ्याच्या वरच्या पडीक खाणीत कुणीतरी धातूला मुलामा द्यायच्या कारखान्यातलं सायनाइड ओतून गेलं होतं. कोण, ते कधीच सापडलं नाही. मळी विहिरीत उतरलीच नव्हती. आम्ही पाण्याला जे विचारलं, त्याचं उत्तर पाण्यानं खरंच दिलं होतं.

निवृत्ती बादलीपासून उठत नव्हता. तातोबा भिंतीला धरत धरत आले. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. मग गळ्यातला हार काढून पायरीवर ठेवला, पान्हा घेतला आणि स्वतः चावी बंद केली. ती घट्ट बसल्याची खात्री करून घेतली आणि तिथेच खाली बसले.

तालुक्याहून अजून कुणी आलं नव्हतं, म्हणून तिथल्या दवाखान्यात न्यायला सरपंचांनीच जीप काढली. मागच्या बाकावर तातोबा मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. त्यांना नीट श्वास येत नव्हता. त्यांनी निवृत्तीवरून वाकून बाहेर ओकारी केली आणि निवृत्तीच्या मांडीवर डोकं टेकलं. निवृत्ती आपल्या शर्टानं त्यांचं तोंड पुसत होता आणि ड्रायव्हरला हाणा, हाणा म्हणत होता.

"निवरू," ते हळूच म्हणाले. "म्हंजे तुजी परीक्षा बरुबर आली न्हवं?"

निवृत्ती त्यांचं तोंड पुन्हा पुसू लागला. ते वाट बघत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "बरोबर आली, आबा."

"तुला न्हाई, त्याला इचारलं," ते म्हणाले.

निवृत्तीनं त्यांच्या केसांवर हात ठेवला. "व्हय आबा. बरुबर आली."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

जीप घाट उतरून सपाटीला लागली. निवृत्ती त्यांना हाका मारत होता, आधी हळू, मग मोठ्यानं. ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला.

"कमी करू नका," निवृत्ती म्हणाला. "हाणा."